घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी मदत आणि सेवा: आधी काय, मग काय (जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी)

आई न्हाणीत घसरते, खुब्याचं हाड मोडतं आणि घराची पळापळ सुरू होते. खासगी दवाखान्यात पैसे भरून ऑपरेशन होतं, घरी सोडायच्या दिवशी कोणीतरी विचारतं, ‘योजनेत बसवलं नाही का?’ मग घाईत कॉट विकत आणतात आणि ती खोलीच्या दारातून आत जात नाही. ओळखीतून एक बाई कामाला ठेवतात, ती चौथ्या दिवशी येत नाही. यातली प्रत्येक गोष्ट मिळण्यासारखी होती, फक्त क्रम उलटा झाला. खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. पहिले दोन आज माणूस हिंडतं-फिरतं असतानाच उरकून ठेवा.

१. आधी माणूस एका पानावर लिहा

कुठेही फोन करण्याआधी दोन दिवस नुसतं बघा आणि लिहा. उठणं-बसणं, संडास-लघवी, आंघोळ, कपडे, जेवण, औषधं, चालणं, रात्र. प्रत्येकापुढे तीनपैकी एक खूण करा: स्वतः करतात, हात द्यावा लागतो, पूर्ण दुसऱ्याने करावं लागतं. सेवेचं मोजमाप या खुणांवरूनच ठरतं.

लोक रात्र विसरतात. दिवसा ठीक असलेले बाबा रात्री पाच वेळा लघवीला उठत असतील तर बारा तासांची दिवसपाळीची बाई ठेवून काही साधत नाही, कारण पडायचे ते रात्रीच पडतात.

औषधांची नावं आठवून लिहू नका, पाकिटावरून उतरवा: नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता, जेवणाआधी की नंतर. खाली जुनी ऑपरेशनं, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ येतं, रक्तगट. पानाचा फोटो काढून पुण्यात, सुरतेत असलेल्या भावंडांनाही पाठवा.

पानाच्या मागच्या बाजूला कोण काय करणार ते नावानिशी लिहा. बहुतेक घरांत हा कागद लिहायला बसलं की सगळी नावं सुनेचीच निघतात. ते कागदावर दिसलं तरच वाटणी होते. बाहेरगावच्या भावाला फोनवरची कामं द्या: अर्ज, बँक, दवाखान्याची चौकशी, नर्स-मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोशी बोलणं.

२. कागद: अर्जाच्या आधी नाव आणि खातं जुळवा

अर्ज नाकारले जातात ते पात्रता नसते म्हणून कमी, कागद एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून जास्त. आधारवर ‘सुमनबाई’, रेशनकार्डवर ‘सुमन’, पासबुकावर नवऱ्याऐवजी वडिलांचं नाव. आधार, रेशनकार्ड आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. आधार प्रमाण माना, बाकीचे त्याला जुळवा.

आधारवरची जन्मतारीख स्वतंत्र बघा. म्हाताऱ्यांच्या आधारवर सर्रास १ जानेवारी असते आणि सालही अंदाजाने टाकलेलं असतं. त्या सालाने माणूस ६५ किंवा ७० च्या (पुढच्या योजनांच्या वयाच्या अटी) आत अडकत असेल तर पुरावा शोधून दुरुस्ती करा. पण जन्मतारखेची दुरुस्ती साधारणपणे एकदाच करता येते, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला किंवा भक्कम कागद हातात आल्यावरच जा.

शेतात राबलेल्या हातांचे ठसे उमटत नाहीत. मशिनवर तीनदा बोट दाबून ‘होत नाही’ म्हणून परत फिरू नका. डोळ्यांनी, चेहऱ्याने किंवा ओटीपीने ओळख पटवायला सांगा. ओटीपीसाठी आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा, आणि तो नंबर घरात राहणाऱ्याचा असू द्या. अंथरुणाला खिळलेल्यांचं आधार घरी येऊन अद्ययावत करण्याची सोय आहे, १९४७ वर विचारा.

सावध: बँकेत ‘आधार लिंक आहे’ याचा अर्थ अनुदान त्याच खात्यात येईल असा होत नाही. सरकारी पैसे आधारच्या सीडिंगने, म्हणजे अनुदान कोणत्या बँकेत टाकायचं या नोंदीने जातात आणि शेवटी ज्या बँकेत सीडिंग झालं तिथे पडतात. मधे कोणी दुसरं खातं उघडून दिलं असेल तर पैसे तिकडे जमा होत राहतात आणि घरात वाटतं पगार (महिन्याचं अनुदान) बंद झाला. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघा.

उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. फेब्रुवारीत काढलेला दाखला तहसीलला पोचेपर्यंत शिळा होतो. अर्जाची तयारी एप्रिलपासून करा.

तपासा: एका प्लास्टिकच्या फाइलीत आधार, रेशनकार्ड, पासबुक, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, वयाचा पुरावा, चार फोटो. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. मूळ कागद कोणाच्याही हाती सोडायचे नाहीत, एजंटाच्या तर नाहीच.

३. दवाखाना: सगळ्यात जवळचा आधी

गावातल्या आशाताईंना आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना सांगा की घरात अंथरुणावरचं माणूस आहे. बीपी-शुगर तपासणी आणि नेहमीच्या गोळ्या तिथेच मिळतात. एवढ्यासाठी दर महिन्याला जळगावची एसटी धरायची गरज नाही.

त्यावरच्या कामासाठी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. चोपडा, जामनेर, शिरपूरला उपजिल्हा रुग्णालयं आहेत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबारची मोठी सरकारी रुग्णालयं मात्र वैद्यकीय महाविद्यालयांची आहेत. तिथे शुल्क लागू शकतं, खिडकीवर आधी विचारून घ्या. तिथे गेल्यावर ज्येष्ठांची वेगळी ओपीडी कोणत्या वारी असते, फिजिओथेरपी कुठे आहे आणि पॅलिएटिव्ह केअर आहे का, हे तीन प्रश्न विचारा. पॅलिएटिव्ह म्हणजे दुखणं बरं होणार नसेल तेव्हा वेदना, जखमा, श्वास यांचा त्रास कमी करण्याची सेवा. ‘आता शेवटचं’ असा तिचा अर्थ लोक लावतात आणि महिनोन्‌महिने वेदना सोसू देतात.

जाताना पहिल्या टप्प्यातलं पान आणि सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक आणि गुडघ्यासाठी कोणीतरी दिलेली पुडीसुद्धा. एकाच घटकाच्या दोन नावांच्या गोळ्या चालू असणं ही नेहमीची चूक आहे आणि ती पिशवी ओतल्यावरच सापडते.

तातडीला १०८. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंज नसते आणि गाडी दारापर्यंत येत नाही. गाडी कुठपर्यंत येते, तिथपर्यंत माणसाला कशावर न्यायचं आणि फोन कुठून लागतो, हे आजच ठरवा.

४. पाच लाखांची दोन संरक्षणं: दाखल होताना सांगा, सुटताना नाही

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. आता रेशनकार्डाचा रंग आड येत नाही. ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकासाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. त्यालाही ५ लाखांचं संरक्षण आणि उत्पन्नाची अट नाही. सातबारा मोठा आहे, मुलगा नोकरीला आहे, म्हणून घरबसल्या स्वतःला अपात्र ठरवू नका. खासगी विमा असला तरी चालतो. केंद्र सरकारच्या किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत असणाऱ्यांना मात्र ती योजना किंवा वय वंदना कार्ड यांपैकी एक निवडावं लागतं.

कार्ड आयुष्मान अॅपवर, सीएससी केंद्रात किंवा योजनेतल्या रुग्णालयात निघतं. आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल पुरतो.

दाखल करताना असं करा:

१. निघण्याआधी १५५३८८ वर विचारा: या आजारावर या रुग्णालयात योजनेतून उपचार होतात का? रुग्णालय योजनेत असलं तरी सगळे विभाग असतीलच असं नाही.
२. रुग्णालयात पाऊल टाकताच आरोग्यमित्राचा (योजनेचं काम बघणारा रुग्णालयातला माणूस) टेबल गाठा, ॲडव्हान्स भरायच्या आधी.
३. मंजुरी आली का हे रोज विचारा. ठरवून करायच्या ऑपरेशनला मंजुरीआधी हो म्हणू नका.
४. ‘हे पॅकेजमध्ये नाही’ म्हणून पैसे मागितले तर कशाचे ते लिहून मागा आणि त्याच हेल्पलाइनवर सांगा.

सावध: ही कॅशलेस योजना आहे. आधी भरलेलं बिल नंतर परत मिळेल या भरवशावर राहू नका. बाहेरच्या बाहेर ओपीडी दाखवणं, रोजच्या गोळ्या, घरची नर्स यात येत नाही.

५. महिन्याचे पैसे आणि बँक

६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, तर श्रावणबाळ योजना: महिन्याला १,५०० रुपये. ६५ च्या आतल्या विधवा, दिव्यांग, निराधारांसाठी संजय गांधी निराधार योजना. अर्ज सेतूतून किंवा तहसीलच्या संजय गांधी शाखेत. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोचेवर नंबर नसेल तर तो अर्ज कुठे आहे हे पुढे कोणीच सांगू शकत नाही. पगार सुरू झाला तरी दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की पैसे थांबतात.

काठी, चष्मा, कानाचं यंत्र, कमोड खुर्ची यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वरच्यांना एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात. कुटुंबाचं उत्पन्न २ लाखांच्या आत हवं. चौकशी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाज कल्याण कार्यालयात. वस्तू घेतल्याचं बिल जपा, ते मागितलं जातं.

लकवा झाल्यावर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी दुसऱ्याच आठवड्यात धावू नका. सुधारणा स्थिरावेपर्यंत, साधारण सहा महिने, मंडळ थांबायला सांगतं. ४० टक्क्यांच्या पुढे असेल तरच बहुतेक सवलती मिळतात.

बँकेतली सगळ्यात महागात पडणारी चूक अशी की लोक मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. ज्याने ते करून दिलं त्याची समज गेली की कायद्याने ते संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. डोकं शाबूत आहे तोवर खातं जोडीने करा, त्यावर ‘कोणीही एक किंवा हयात’ असं लिहून घ्या आणि नॉमिनी भरा. ७० वरच्यांना घरपोच बँक सेवा मागता येते. शाखेत लेखी अर्ज द्या.

६. माणूस ठेवणं

आधी ठरवा: नर्स हवी की मदतनीस. लघवीची नळी, नाकातली नळी, इंजेक्शन, खोल जखमेचं ड्रेसिंग ही शिकलेल्या नर्सची कामं. अंघोळ, कपडे, भरवणं, डायपर, चालवणं ही मदतनीसाची. मदतनीसाकडून नळीची कामं करून घेतली की संसर्ग होतो आणि वाचवलेले पैसे दवाखान्यात जातात. जखम आठवड्यातून तीनदाच बघायची असेल तर पूर्णवेळ नर्स कशाला? भेटीपुरती बोलवा.

ब्युरोला विचारा: सुट्टीच्या दिवशी बदली कोण देणार, किती तासांत? बाई पसंत पडली नाही तर? पैसे ब्युरोला की तिला? फोनवर, माणूस न बघता ॲडव्हान्स पाठवू नका. आधारची प्रत घ्या, पोलीस ठाण्यात पडताळणीचा अर्ज द्या, आणि एका कागदावर वेळ, कामं, जेवण, सुट्ट्या, पगाराची तारीख लिहून दोघांच्या सह्या घ्या. ‘घरची थोडी भांडीही’ हे नंतर वाढवलं की चांगली बाई सोडून जाते. दोष तिचा नसतो.

पहिले तीन दिवस घरातलं कोणीतरी सोबत थांबा. दागिने, पासबुक, एटीएम कार्ड खोलीतून हलवा. तिला मोहात पाडू नये आणि तिच्यावर उगाच संशयही येऊ नये, यासाठी.

भाषा विचारा. ही चैन समजू नका. विसरण्याचा आजार वाढतो तसं माणूस शिकलेली भाषा सोडून लहानपणच्या बोलीवर येतं. आजी ‘पोट दुखस’ म्हणते आणि नाशिककडून आलेल्या बाईला ते उमगत नाही, तर आजी चिडकी ठरते. अहिराणी घरात अहिराणी कळणारी, रावेर-यावलकडे लेवा बोली कळणारी बाई शोधा.

तपासा, दर आठवड्याला, तुम्ही स्वतः: माकडहाड, टाचा, खुबे, कोपर. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबलेली जागा क्षणभर फिकी पडली तर ठीक. तशीच लाल राहिली तर ती झोपून पडणाऱ्या जखमेची सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताला गरम किंवा टणक लागतं का बघा. दंडावर बोटांसारखे वळ, वजन उतरणं, बाई आली की गप्प होणं, याचीही नोंद घ्या.

७. सामान आणि घर

भाड्याने आधी, विकत नंतर. दोन महिन्यांत गरज बदलते. कॉट, व्हीलचेअर, हवेची गादी, ऑक्सिजनचं यंत्र अनामत ठेवून भाड्याने मिळतं. आणण्याआधी टेपने दार आणि जिन्याचं वळण मोजा.

वॉकरची उंची जवळजवळ प्रत्येक घरात चुकलेली असते. बाबांना रोजच्या चपला घालून सरळ उभं करा, हात सैल सोडायला सांगा. मनगटाच्या घडीपाशी वॉकरची मूठ आली पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकतं. खांदे कानाकडे चढले तर उंची जास्त, पाठ वाकली तर कमी. चारही पायांची बटणं ‘टक्’ आवाज होईपर्यंत बसली का बघा. एक पाय एक भोक वर राहिला की माणूस त्याच बाजूला कोसळतो.

हवेच्या गादीखाली, माकडहाडाच्या जागी तळहात सरकवा. हाडाचा भार थेट हाताला लागत असेल तर हवा कमी आहे. गादी असली तरी दर दोन तासांनी कूस बदलायची, गादी हे काम करत नाही. आणि भारनियमन लक्षात ठेवा: वीज गेली की गादी हळूहळू बसते, ऑक्सिजनचं यंत्र तर लगेच बंद पडतं. घरचा इन्व्हर्टर ते किती वेळ ओढतो हे दिवसा बघून ठेवा आणि भरलेला सिलिंडर बाजूला ठेवा.

जुन्या धाब्याच्या घरांत उंबरा वीतभर उंच आणि संडास वाड्याच्या टोकाला. रात्रीसाठी खाटेशेजारी कमोड खुर्ची ठेवा, मंद दिवा चालू राहू द्या, गोधडीचं पायपुसणं उचला.

भरवताना पाठ ताठ, मान किंचित पुढे, आणि नंतर अर्धा तास बसतं ठेवा. कळण्याची भाकरी आमटीत पूर्ण कुस्करून द्या. लकव्यानंतर पाणी पिताना ठसका लागत असेल तर जबरदस्तीने पाजू नका. पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. डॉक्टरांना दाखवून गिळण्याची तपासणी करून घ्या.

जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा म्हाताऱ्यांना तहान लागतच नाही. मागतील तेव्हा पाणी असं करू नका, तासाला अर्धा पेला ठरवून द्या. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनी सांगितलेलं. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर मार्चमध्येच डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. कूलरसमोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते आणि अंग निवत नाही. अंग तापलेलं आणि माणूस असंबद्ध बोलू लागलं तर १०८ लावा, गाडी येईपर्यंत कपडे सैल करून ओल्या फडक्याने अंग पुसत वारा घाला. तापाची गोळी उष्माघातावर चालत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

८. घरातलेच बघत नसतील तेव्हा

पहिला फोन १४५६७, ज्येष्ठांची एल्डरलाइन, सकाळी ८ ते रात्री ८. मारहाण होत असेल तर थेट ११२.

२००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने आई-वडिलांना आणि ज्येष्ठांना मुलांकडून, सज्ञान नातवंडांकडूनही, निर्वाह मागता येतो. मूलबाळ नसेल तर ज्या नातेवाइकाला मालमत्ता मिळणार त्याच्याकडून. अर्ज प्रांत कार्यालयात, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा. रावेर-यावलकरांना फैजपूर, साक्रीकरांना धुळे, शिंदखेड्याला शिरपूर, नवापूरला नंदुरबार. कायद्यात महिन्याला १० हजारांपर्यंत निर्वाहाची आणि ९० दिवसांत निकालाची तरतूद आहे. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००.

शेत किंवा घर मुलाच्या नावे करायचंच असेल तर बक्षीसपत्रात ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे स्पष्ट लिहा. ही अट लेखी असेल आणि मुलाने ती पाळली नाही, तर त्याच कायद्याच्या कलम २३ खाली हस्तांतरण रद्द करून घेता येतं. तोंडी वचनावर केलेलं बक्षीसपत्र मागे घेताना फार दमछाक होते.

वृद्धाश्रम बघायचा तर संध्याकाळी, न सांगता जा. बघायचं एवढंच: वास, रात्रपाळीला किती माणसं, आजारी पडल्यावर कोण आणि कुठल्या दवाखान्यात नेतं, माणूस अंथरुणाला खिळल्यावर ठेवतात की परत पाठवतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या.

९. वर्षभराच्या तारखा

कॅलेंडरवर आत्ताच खुणा करा. मार्चमध्ये औषधांची उन्हाळ्यापूर्वीची तपासणी. एप्रिलमध्ये नवा उत्पन्नाचा दाखला. नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला, केंद्राच्या ८० वरच्या पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो आणि पोस्टमन घरी येऊनही करून देतो. दर तीन महिन्यांनी पहिल्या टप्प्यातलं पान नव्याने लिहा, जुन्यावर खाडाखोड न करता. दोन पानं शेजारी ठेवली की कुठे हात द्यावा लागत होता आणि आता पूर्ण दुसऱ्याने करावं लागतंय ते दिसतं, आणि ब्युरोला पुढचा फोन कधी करायचा तेही.